बारा सुऱ्यांचा संच की दोन चांगल्या सुऱ्या?

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात : “माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात इथेच इंदुरात आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी दोघे विमानाने पुण्याला जातील आणि तिथे नवा संसार मांडतील. दोघेही नोकरी करतात आणि स्वयंपाकही मिळून करणार आहेत. जावई डावखुरे आहेत. भाचीने मला मोकळेपणाने सांगितले, ‘मावशी, साडी नको, मला चांगल्या सुऱ्या दे.’ माझी तयारी ३,००० रुपयांपर्यंत आहे. बर्तन बाजारात लाकडी ठोकळ्यात खोचलेला बारा नगांचा संच १,८०० रुपयांना पाहिला. त्यावर ‘कधीच धार लावावी लागत नाही’ असे लिहिले आहे. तो घ्यावा का? शिवाय माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणतात की धारदार वस्तू भेट देऊ नये, नाते तुटते. मी जन्मभर विळीवरच चिरले आहे, सुरीतले मला फारसे कळत नाही. मार्गदर्शन करावे.”

सप्रेम नमस्कार.

आपल्या भाचीने साडीऐवजी सुरी मागितली हे वाचून मला मनापासून आनंद झाला. जी वस्तू रोज दोन्ही वेळा हातात येणार आहे ती चांगली असावी, हे जिला संसार मांडण्याआधीच उमगले आहे, तिच्या मागणीला आपण तेवढ्याच विचाराने उत्तर दिले पाहिजे. म्हणून आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देते. तो बारा नगांचा संच घेऊ नका. आपण ठरवलेल्या रकमेत दोन चांगल्या सुऱ्या आणि धार लावण्याचा एक दगड द्या, आणि उरतील ते पैसे चॉपिंग बोर्डासाठी ठेवा. भेट दिसायला लहान होईल, पण ती वीस वर्षे वापरात राहील.

संचाचा हिशेब असा. १,८०० रुपयांत बारा नग म्हणजे नगामागे दीडशे रुपये, आणि त्यातच लाकडी ठोकळा, रंगीत खोका आणि दुकानदाराचा नफा आला. अशा संचात बहुतेक वेळा पाच-सहा नग ताटातले मांस कापण्यासाठी असलेल्या एकसारख्या दातेरी सुऱ्यांचे असतात, एक कात्री असते, एक गोल दांडी असते, आणि रोज उपयोगी पडतील अशा सुऱ्या जेमतेम तीन उरतात. त्या तिघींचे पातेही पातळ पत्र्याचे असते. ठोकळ्याच्या खाचांत ओल आणि पिठाची धूळ साचते आणि ती स्वच्छ करायला हात आत जात नाही, हेही लक्षात घ्यावे. पुण्यातल्या भाड्याच्या घराचा ओटा किती मोठा असेल हे आपल्याला ठाऊक नाही. त्यावर वीतभर जागा कायमची अडवून बसणारी वस्तू नव्या संसाराला देऊ नये.

‘कधीच धार लावावी लागत नाही’ या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण बहुतेक ग्राहक त्याच वाक्यावर पैसे मोजतात. अशा सुरीच्या धारेला करवतीसारखे अगदी बारीक दाते पाडलेले असतात. ते दाते भाजी कापत नाहीत, फाडतात. त्यामुळे सुरी बोथट झाली तरी टोमॅटोची साल कशीबशी निघते आणि धार अजून शाबूत आहे असे आपल्याला वाटत राहते. मेथी किंवा कोथिंबीर चिरायला घेतली की खरे काय ते कळते. पाने कापली न जाता चेचली जातात आणि थोड्याच वेळात त्यांच्या कडा काळपट होतात. कांद्याच्या पेशीही अशाच चेचल्या जातात, म्हणून बोथट सुरीने कांदा चिरताना डोळ्यांना जास्त पाणी येते. दाते एकदा झिजले की घरच्या दगडावर ते पुन्हा काढता येत नाहीत आणि सुरी टाकून द्यावी लागते. म्हणजे धार लावावी लागत नाही असे नसून ती लावताच येत नाही. संसाराला देण्याच्या वस्तूत हा दोष मला सर्वांत मोठा वाटतो.

आपण विळीवर चिरले म्हणून सुरीतले काही कळत नाही, असे म्हणू नका. धार कशाला म्हणतात हे विळीवर बसणाऱ्या बाईइतके कोणाला कळते? फरक एवढाच आहे की विळीचे पाते स्थिर असते आणि आपण दोन्ही हातांनी भाजी त्याच्याकडे नेतो, तर सुरीच्या बाबतीत भाजी स्थिर असते आणि पाते चालते. विळीचा पाट पायाखाली दाबलेला असतो, म्हणून पात्याला आपल्या अंगाचा आधार मिळतो. सुरीला तसा आधार नसतो, तिला स्वतःचे वजन असावे लागते. सुरी पत्र्यासारखी हलकी असेल तर हात नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की कडक सालीवरून पाते घसरून बोटावर येते. स्वयंपाकघरात बोट कापते ते बहुधा बोथट सुरीने, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो.

आता पोलादाविषयी, कारण किमतीतला खरा फरक तिथेच पडतो. आपली विळी साध्या कर्बयुक्त पोलादाची असणार. तिच्यावर कैरी किंवा लिंबू चिरले की पाते काळे पडते, आणि ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. हा गंज टाळणारे पोलाद १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांच्या हाती लागले. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून ते वेगवेगळी पोलादे तपासत होते. त्यांतील सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेले पोलाद गंजत नाही असे त्यांच्या ध्यानात आले, आणि शेफील्ड हे मुळात सुऱ्या घडवणाऱ्यांचेच गाव असल्याने ते लवकरच सुऱ्यांसाठी वापरले जाऊ लागले. परंतु न गंजणे हा सुरीचा निम्माच गुण झाला. धार टिकण्यासाठी पोलादाला पाणी देता आले पाहिजे, म्हणजे ते तापवून झटकन थंड केल्यावर टणक झाले पाहिजे, आणि त्यासाठी त्यात पुरेसा कर्ब लागतो. आपल्या डब्या-पातेल्यांच्या उत्तम स्टीलमध्ये अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते, पण कर्ब नावालाच असतो. म्हणून ते भांड्यांना उत्तम आणि पात्याला निरुपयोगी ठरते.

यातूनच एक सोपी परीक्षा निघते. बर्तन बाजारात भांडी घेताना आपल्यापैकी अनेक जणी लोहचुंबक लावून पाहतात आणि तो चिकटला नाही तर स्टील चांगले असे समजतात. सुरीच्या बाबतीत नियम नेमका उलटा आहे. पाणी दिलेल्या पोलादाला लोहचुंबक घट्ट चिकटतो, आणि चिकटला नाही तर ते पाते भांड्याच्या पत्र्याचे आहे असे समजून सुरी परत ठेवावी. मात्र चुंबक चिकटला म्हणजे सुरी उत्तमच आहे असे सिद्ध होत नाही, कारण हलक्या प्रतीच्या काही स्टीललाही तो चिकटतो. वाईट सुरी वगळण्यापुरताच या परीक्षेचा उपयोग आहे. फ्रिजच्या दारावरचा एखादा लहान चुंबक पर्समध्ये टाकून न्यावा.

अनेक चांगल्या सुऱ्यांच्या पात्यावर पोलादाचा प्रकार कोरलेला असतो. युरोपीय घडणीच्या घरगुती सुऱ्यांवर ‘१.४११६’ हा आकडा किंवा ‘एक्स५०सीआरएमओव्ही१५’ अशी लांबलचक खूण दिसते. तिचा अर्थ सोपा आहे : सुमारे अर्धा टक्का कर्ब, चौदा-पंधरा टक्के क्रोमियम आणि जोडीला थोडे मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम. या पोलादाचा टणकपणा रॉकवेल मापावर साधारण ५५ ते ५८ भरतो. आपल्या स्वयंपाकाला तो अगदी योग्य आहे, कारण धार पुरेशी टिकते, गेली तर घरी लावता येते आणि कठीण वस्तूवर आपटल्यास पाते तुटण्याऐवजी किंचित वळते. नुसते ‘जर्मन स्टील’ किंवा ‘हाय कार्बन’ असे लिहिलेले असेल आणि आकडा कुठेच नसेल, तर त्या शब्दांचे पैसे देऊ नका. जर्मनीतील झोलिंगन या गावाचे नाव सुरीवर कोणी घालावे यासाठी तिथे १९३८ पासून कायदा आहे आणि सुरी त्या परिसरात बनलेली असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. ‘जर्मन’ या नुसत्या विशेषणाला असे कोणतेही कुंपण नाही. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेल्या स्वस्त सुऱ्याही हल्ली दिसतात. अनेक थरांच्या पोलादातून उमटलेली खरी नक्षी या किमतीत येत नाही. ती वरून कोरलेली किंवा छापलेली असते आणि कापण्यात तिचा काही उपयोग नसतो.

भाची कदाचित जपानी सुरीचे नाव काढील. साकाई आणि सेकी ही जपानमधील सुऱ्यांची नामांकित गावे आहेत, आणि तिथल्या पात्यांचा टणकपणा बहुधा ६० किंवा त्याहून अधिक असतो. कांदा अशा सुरीखाली आपोआप उलगडल्यासारखा वाटतो, हे खरे. पण टणक पाते ठिसूळही असते. नारळाची वाटी सोडवणे, फ्रीजरमधून काढलेले घट्ट पनीर कापणे, लाल भोपळ्यात सुरी रोवून ती पिळणे, या आपल्या घरातल्या नित्याच्या गोष्टींनी तिच्या धारेचे तुकडे उडतात. ही सुरी भाचीने आणखी काही वर्षांनी स्वतः हौसेने घ्यावी. सिरॅमिकच्या पांढऱ्या सुऱ्यांचेही तसेच आहे. त्या हातातून पडल्या की फुटतात आणि घरच्या दगडावर त्यांना धार लागत नाही.

आता कोणत्या दोन सुऱ्या घ्याव्यात ते सांगते. पहिली मोठी, पात्याची लांबी १६ ते १८ सेंटिमीटर. दुकानात आपल्याला २० सेंटिमीटरची ‘शेफ्स नाइफ’ दाखवतील आणि ती उत्तमही असेल, पण विळीच्या घरात वाढलेल्या मुलीला तेवढे लांब पाते सुरुवातीला धाकाचे वाटते आणि मग ती सुरी खणातच राहते. त्यापेक्षा ‘सांतोकू’ नावाने मिळणारी, टोकाकडे कमी निमुळती आणि जवळजवळ सरळ धारेची सुरी आपल्या चिरण्याला जास्त सोयीची पडते. कोबी, मेथी, फरसबी, कांदा हे सगळे आपण पाते वरखाली चालवून चिरतो आणि ती घडण त्याच चालीची आहे. नाव जपानी असले तरी वर सांगितलेल्या ५५ ते ५८ टणकपणाच्या पोलादात ही सुरी मिळते, तीच घ्यावी.

मोठ्या सुरीचे मोल इंदूरच्या घरात गराडूवर, म्हणजे थंडीत तळून खायच्या त्या कंदावर, कळते. लग्न गराडूच्या दिवसांतच आहे, आणि माहेरचे कोणी ना कोणी पुण्याला जाताना दोन-चार गराडू पिशवीत घालणार, हे आपणही जाणता. गराडूची साल जाड आणि केसाळ असते. ती काढली की आतून चिकट रस सुटतो आणि हाताला खाज सुटते, म्हणून आपण तेलाचा हात लावतो. तेलाचा हात, निसरडा गराडू आणि लवचिक पत्र्याची सुरी हे तिन्ही एकत्र आले की पाते मध्येच वाकते, चकती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघते, आणि ती कढईत सारखी तळली जात नाही. वजनदार, ताठ पात्याने तोच गराडू एका सरळ दाबात दुभंगतो. सुरणाचीही गत हीच.

दुसरी सुरी लहान, आठ ते दहा सेंटिमीटर पात्याची. वांग्याला चिरा देणे, बटाट्याचा डोळा काढणे, लसूण सोलणे, आंबा कापणे, ही सगळी हातात धरून करायची कामे तिची. इथे फार पैसे खर्चू नका. स्वित्झर्लंडमधील ईबाख येथे १८८४ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिनॉक्सच्या प्लास्टिक मुठीच्या लहान सुऱ्या आपल्याकडे सहज मिळतात, आणि दामाच्या मानाने त्या फारच चांगल्या आहेत असे माझे मत आहे. त्यांचे पाते ठोकून घडवलेले नसून पोलादाच्या पट्टीतून कापून काढलेले असते, पण त्यात कमीपणा काही नाही. पोलाद योग्य असेल आणि पाणी नीट दिलेले असेल, तर कापून काढलेले पातेही उत्तम चालते. घडीव सुरीचे ज्यादा पैसे या किमतीत बहुधा जाड मुठीत आणि चकचकीत रिवेटांत जातात.

जावई डावखुरे आहेत हे आपण आवर्जून लिहिले, ते फार बरे झाले. सुरीची धार दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली असेल तर ती दोन्ही हातांना सारखीच चालते. सर्वसाधारण युरोपीय सुऱ्या तशाच असतात. परंतु दातेरी सुऱ्या आणि काही जपानी सुऱ्या एकाच बाजूने घासलेल्या असतात. त्या उजव्या हाताच्या सोयीने बनवलेल्या असतात आणि डाव्या हाताने पाव कापताना त्या तिरक्या सरकतात. म्हणून पाव कापायची तिसरी सुरी आपण देऊ नका. त्यांना गरज वाटली तर ते स्वतः हाताने पारखून घेतील. मूठही दोन्ही बाजूंनी सारखी हवी, एका तळहाताच्या आकारात वळवलेली नको.

दुकानात गेल्यावर घाई करू नये. सुरी खोक्यातून बाहेर काढून दाखवायला सांगावी आणि नकार मिळाल्यास दुसरे दुकान पाहावे. प्रथम धार वरच्या बाजूला करून पाते डोळ्यासमोर आडवे धरा, टोक आपल्यापासून दूर, आणि दुकानातल्या दिव्याखाली ते हळूहळू कलते करा. जिथे धार खरी तीक्ष्ण आहे तिथे काहीच चमकत नाही, कारण उजेड परतवण्याइतकी जागाच त्या कडेला नसते. जिथे ती बोथट किंवा दुमडलेली असते तिथे पांढरा दोरा किंवा बारीक ठिपके चमकतात. नव्या सुरीवर असा दोरा टोकापासून मुठीपर्यंत दिसला तर ती कारखान्यातूनच आळसाने घासून आलेली आहे. त्याच वेळी पाते सरळ आहे की पिळलेले, हेही दिसते. मग मुठीजवळ पाते अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून उरलेली बोटे मुठीवर आवळा आणि काउंटरवर चिरण्याची नुसती चाल करून पाहा. बोटांची पेरे खाली आपटत असतील तर पात्याची उंची कमी आहे. मोठ्या सुरीत ती साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असावी. शेवटी पाते आणि मूठ यांच्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकले तर तिथे उद्या लसणाचा रस आणि पीठ अडकणार. लाकडी मूठ दिसायला सुंदर असते, पण दोघेही नोकरी करणाऱ्या घरात सुरी कधीतरी सिंकमध्ये पाण्यात पडून राहणारच, आणि लाकूड फुगले की सांधा उलतो. म्हणून मूठ प्लास्टिकची किंवा नायलॉनची पाहावी.

धारेविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सुरी कितीही चांगली असली तरी दगडाशिवाय ती वर्षभरातच संचातल्या सुरीसारखी होते. काही वर्षांपूर्वी मी माझी आवडती सुरी दारावर आलेल्या एका धारवाल्याकडे दिली. त्याने ती कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर धरली, ठिणग्यांचा फवारा उडाला आणि दोन मिनिटांत सुरी परत मिळाली. टोकाजवळ दोन बोटे रुंदीचा निळसर-तपकिरी पट्टा आला होता. त्या दिवशी कागद सुद्धा सरसर कापला गेला, पण त्या पट्ट्यावरची धार पुढे चार दिवसही टिकत नसे. पोलाद तापून रंग बदलले की त्याला दिलेले पाणी उतरते, आणि मग वरून कितीही घासले तरी त्या जागेचा टणकपणा परत येत नाही. विळीच्या जाड पात्याला हे चाक चालते, कारण उष्णता जाड लोखंडात पसरून जाते. सुरीच्या पातळ धारेला ते सोसत नाही.

म्हणून भेटीत दुहेरी दगड अवश्य घाला. एक बाजू सुमारे ४०० नंबरची भरड आणि दुसरी १,००० नंबरची बारीक असावी. सियागंजातील हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी करा, तिथे नाही मिळाला तर मागवून घ्या. वापर अवघड नाही. दगड दहा मिनिटे पाण्यात भिजवावा, ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही, आणि सुरीची पाठ दगडापासून साधारण दीड सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाइतकी उचलून पाते मुठीकडून टोकाकडे ओढत न्यावे. साडेचार सेंटिमीटर उंचीच्या पात्याला यातून सुमारे वीस अंशांचा कोन मिळतो आणि तोच हवा असतो. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला, धारेच्या कडेवर, बोटाला खरखरीत लागणारी अगदी बारीक कोर उमटते. बोट पाठीकडून कडेकडे फिरवावे, धारेच्या लांबीवर कधीही नाही. ही कोर सगळ्या लांबीवर लागली की पाते उलटावे, तेवढेच दुसऱ्या बाजूने घासावे आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके चार हात द्यावेत. रोज घासण्याची गरज नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा पंधरा मिनिटे पुरतात. भरड बाजू फक्त धारेला खाच पडली तरच वापरावी. मधल्या काळात चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जे बिनचकाकीचे खरखरीत कडे असते, त्यावर आठवड्यातून एकदा त्याच कोनात चार-सहा हात फिरवले तरी टोमॅटोची साल पुन्हा स्पर्शाबरोबर उघडते. मुलांना दगडाची सवय लागेल की नाही अशी शंका आपल्याला येईल. लग्नाआधीच्या एखाद्या रविवारी भाचीला घरी बोलवा, आपल्याच घरातली एखादी जुनी सुरी घ्या आणि दोघींनी मिळून ती दगडावर लावून पाहा. विळीवर वाढलेला आपला हात तिला कोन पाच मिनिटांत दाखवील.

सुरीचा खरा घात ओट्यावर होतो. पुष्कळ घरांत ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेच्या शोभिवंत बोर्डावर चिरले जाते. दगड आणि काच फार कठीण असतात आणि ताटाचा पत्राही धारेची कड दुमडतो. आठवडाभर असे चिरले की महागड्या सुरीचीही धार जाते. कडुलिंबाचा किंवा आंब्याचा लाकडी बोर्ड घ्यावा, नाहीतर जाड प्लास्टिकचा. किमान ३५ बाय २५ सेंटिमीटरचा असावा, नाहीतर कोबी खाली सांडतो.

तीन हजारांची वाटणी मी अशी करीन : निम्म्याहून थोडी अधिक रक्कम मोठ्या सुरीला, चारशेच्या आत लहान सुरी, सहाशेपर्यंत दगड, आणि उरेल ते एका पाकिटात घालून वर लिहावे, ‘पुण्यात बोर्ड घेण्यासाठी’. बोर्ड इथे घेऊ नका असे म्हणण्याचे कारण विमान आहे. सामानाचे वजन मोजले जाते, आणि नव्या जोडप्याच्या पेट्या आधीच भरलेल्या असतात. सुऱ्या मात्र हातातल्या पिशवीत चुकूनही ठेवू देऊ नका, सुरक्षा तपासणीत त्या काढून घेतल्या जातील. विमानतळावर जमा करायच्या मोठ्या पेटीतच त्या जायला हव्यात. पात्याला जाड पुठ्ठ्याची दुमडलेली खोळ करून ती चिकटपट्टीने बांधावी, वर टॉवेल गुंडाळावा. तीच खोळ पुढे खणातही उपयोगी पडेल, कारण चमच्यांच्या गर्दीत सुटी ठेवलेली सुरी धारही घालवते आणि हातही कापते. आणखी एक गोष्ट भाचीला जरूर सांगा. सुरी वापरली की तिनेच लगेच धुऊन, पुसून ठेवावी आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या ढिगात ती कधीही टाकू नये. फेसाच्या पाण्यात न दिसणारे पाते त्या बाईच्या हाताला लागते, आणि तिचे आठवडाभराचे काम बुडते.

राहिला जाऊबाईंचा आक्षेप. तो हसण्यावारी नेऊ नका. चाकू हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकले आहे आणि त्यात सावधपणाही आहे. पण त्याच घरांत मुलगी सासरी निघताना तिच्या सामानात विळीही जात असे. तिच्याहून धारदार वस्तू घरात दुसरी नव्हती, आणि कोणाचे नाते तिने तुटले नाही. जाऊबाईंचे मन राखण्याची जुनी रीत सोपी आहे : धारदार वस्तू घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक रुपया ठेवायचा, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. देताना सुऱ्यांचा खोका पाटावर ठेवा, भाचीला तो स्वतः उचलू द्या आणि तिच्याकडून रुपया जाऊबाईंच्या समोर मागून घ्या. नाणे आधीच तिच्या आईकडे देऊन ठेवा, लग्नघरात ऐन वेळी सुटे सापडत नाहीत.